हलवून प्या

कोळझरीत रंगाचा निवाडा रत्नप्रभाबाई गोहाड करीत, आणि त्या निवाड्यावर अपील नसे.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या गावात दरवर्षी मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमारास, रसशाळेच्या उत्तरेकडच्या दारात पांढरी चादर अंथरली जाई. चादरीवर सात पेले, आणि प्रत्येक पेल्यात गावच्या एकेका शिवारातल्या लाल ग्रेपफ्रूटचा ताजा रस. रत्नप्रभाबाई पाटावर बसत, एकेक पेला उत्तरेच्या उजेडात धरीत आणि रंग मनास उतरला तर एकच शब्द उच्चारीत, "झाला." तो शब्द पडेपर्यंत गावातल्या एकशे तीस घरांपैकी एकाही घराच्या बागेत कात्री चालत नसे. यालाच गाव पारख म्हणे. बाटलीच्या पट्टीवर छापलेले असे : 'रंग झाडाचा, शब्द गोहाडांचा.' त्याखाली बाईंची सही.

हा मान काही त्यांना वारशाने मिळालेला नव्हता. उन्हाळे वाढत गेले, संत्र्याचा बहर झाडावरच करपू लागला, तेव्हा सन २०२३ मध्ये आपल्या बागेतली संत्री उपटून ही परकी रोपे लावण्याचे धाडस याच बाईंनी केले होते. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून जन्मलेले फळ. गावाने त्याचे नाव सोपे करून 'पपनशी' असे ठेवले. पपनशीचा तांबडा रंग लायकोपिन नावाच्या द्रव्याचा. टोमॅटोला आणि कलिंगडाला रंग देणारे द्रव्यही तेच. त्याला कोळझरीचे ऊन मानवले. परंतु या द्रव्याचा एक हट्ट आहे. ते पाण्यात विरघळत नाही. फळाच्या गरात त्याचे अतिसूक्ष्म स्फटिक दडलेले असतात. म्हणून पेला तासभर हलवला नाही, तर गर तळाशी बसतो, तांबडेपणाही त्याच्यासोबत खाली जातो, आणि वर फिकट पिवळे पाणी राहते. पूर्वी कोळझरीच्या बाटलीवर म्हणूनच 'हलवून प्या' असेही छापलेले असे. गेली सात वर्षे त्या दोन शब्दांची गरज राहिली नव्हती. रस आता वरपासून खालपर्यंत तांबडा राही. बाई त्याचा अभिमानाने उल्लेख करीत.

अभिमान वाटावा असे एरवी जगात फारसे उरले नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते. सगळ्यांचेच रंग उतरले होते. त्यांची डाळिंबी साडी धोब्याने विटवून आणली; बाईंनी धोबी बदलला. कुंकवात भेसळ निघाली; त्यांनी दुकान बदलले. नव्या विटासुद्धा त्यांना कच्च्या भाजलेल्या दिसत. साऱ्या जगाने हात आखडता घेतला होता, फक्त पपनशीने घेतला नव्हता.

म्हणूनच नदीपलीकडच्या वामनराव ढोल्यांनी आपल्या रसावर 'झाडाचाच रंग' असे छापले, तेव्हा बाईंचे पित्त खवळले. वामनरावांचा रस त्यांनी उजेडात धरून पाहिला होता. मातकट, फिका. त्यांच्या गावाजवळच रंग तयार करण्याचा मोठा कारखाना होता. तिथे उसाची मळी खाऊन यीस्ट टाकीच्या टाक्या भरून लायकोपिन तयार करी. "खोट्या रंगाला तेज नसतं," बाई दोन वर्षे चारचौघांत सांगत होत्या. "ढोल्यांचा रंग उसाचा आहे. मी सिद्ध करून दाखवीन."

आणि यंदा, सन २०४१ मध्ये, सिद्ध करणारे यंत्र निघाले होते. बाईंनी ते नागपूरहून पारखीच्या दिवसासाठी मागवले आणि वामनरावांना आग्रहाचे आमंत्रण धाडले.

"यंत्र कशाला, बाई?" नलिनीने विचारले होते. नलिनी ही त्यांची धाकटी जाऊ. एकोणपन्नास वर्षांपूर्वी ती या घरात आली, आणि दोघींचे नवरे गेल्यावरही दोघींचा सकाळचा चहा एकाच किटलीतून होत आला. बागा बाईंच्या, रसशाळा नलिनीची, अशी त्यांच्यात वाटणी होती. "तुमचा डोळा असताना यंत्राचं काय काम?"

"माझा डोळा मला पुरतो. वामनरावांना पुरत नाही."

"लोकांसमोर त्या माणसाचा पाणउतारा कशाला करायचा? सोडून द्या ना."

"खोटं सोडून द्यायला मी शिकले नाही, नलिनी. तूही शिकू नकोस."

नलिनीने कपबशा उचलल्या. कप बशीवर किंचित वाजला, तेवढेच.

*

यंत्र घेऊन आलेली डॉ. अन्विता सोनकुसरे तिशीची होती. पारखीच्या आदल्या दिवशी दुपारी ती बाईंच्या बैठकीत पोहोचली आणि पाया पडत म्हणाली, "नमस्कार, आजी."

"मी तुझी आजी नाही. बाई म्हण. सोनकुसरे म्हणजे नागपूरच्या विणकरांपैकी?"

"हो, बाई. आजोबांचा माग होता. सूत रंगवायचं कामही घरीच व्हायचं."

"मग रंग रक्तातच आहे म्हणायचा. दाखव तुझं यंत्र."

जेवणाच्या डब्याएवढे ते यंत्र. त्याचे नाव 'कुळवाचक'. अन्विताने ते टेबलावर ठेवले आणि समजावू लागली. बाईंना समजावलेले आवडत नसे, पण ती मुलगी नेमके बोलत होती.

"यीस्टने बनवलेलं लायकोपिन आणि झाडानं बनवलेलं लायकोपिन, दोन्हींत एका अणूचाही फरक नसतो. म्हणून आजवर कोणाला ओळखता येत नव्हतं. पण कार्बनला एक जड भाऊ आहे. हवेतल्या साधारण नव्वद कार्बनांमागे एक तसा असतो. तुमची पपनशी, संत्रं, आंबा, ही झाडं हवेतून अन्न बनवताना त्या जड भावाला शक्य तितकं टाळतात. ऊस, ज्वारी, मका ही मंडळी तेवढी चोखंदळ नाहीत. त्यांच्यात तो अधिक शिरतो. उसाच्या मळीवर वाढलेल्या यीस्टच्या रंगातही मग तो अधिक सापडतो. यंत्र रसातून फक्त रंग वेगळा काढतं आणि जड कार्बन मोजतं. तीन मिनिटं लागतात."

"म्हणजे गोत्र सांगतं."

"अगदी. आणि रंग विटला तरी चालतं, बाई. रंग विटतो, कुळ विटत नाही."

हे वाक्य बाईंना फार आवडले. त्यांनी उठून भिंतीतले कपाट उघडले. आत अंधाऱ्या थंड कप्प्यात तेरा बाटल्या ओळीने उभ्या होत्या : पहिल्या हंगामापासून, म्हणजे सन २०२८ पासून, गेल्या वर्षापर्यंत दर हंगामाची एक. "या माझ्या साक्षीदार. आधी यांची जबानी घे, मग ढोल्यांची."

अन्विताने मात्र सवयीप्रमाणे सुरुवात कच्च्या फळापासून केली. अंगणातल्या झाडावरचे एक फळ तोडून तिने कापले आणि रस पेल्यात पिळला. "अहाहा! काय तांबडा आहे हो, बाई!"

"हा?" बाईंनी पेला नुसत्या बोटांनी दूर सारला. "हा फिका आहे. अंगणातलं झाड आहे ते, त्याची निगा कोणी राखत नाही."

अन्विताने एकदा पेल्याकडे आणि एकदा बाईंच्या डोळ्यांकडे पाहिले. "बाई, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का?"

"झालं. दोन्ही डोळ्यांचं. त्याचा इथे काय संबंध?"

"नाही, सहज विचारलं," असे म्हणून ती यंत्राकडे वळली.

अंगणातले फळ : पूर्ण झाडाचे. हे तर अपेक्षितच होते. मग वामनरावांची बाटली. तीन मिनिटांनी पडद्यावर अक्षरे उमटली, आणि बाई चष्म्याशिवाय वाचू शकत असल्यामुळे त्यांना ती कोणी वाचून दाखवण्याची गरज पडली नाही. पूर्ण झाडाचा.

"पुन्हा लाव."

अन्विताने पुन्हा लावले. पूर्ण झाडाचा.

"तुझं यंत्र प्रवासात बिघडून बसलंय. माझी बाटली लाव. गेल्या वर्षीची."

या तीन मिनिटांत बाई उभ्याच राहिल्या. पडद्यावर उमटले : शंभरात एकसष्ट भाग उसाचा.

अन्विताने आकडा टिपून घेतला. बाईंनी स्वतःच्या हाताने त्याआधीच्या वर्षीची बाटली पुढे केली. उसाचा. त्याआधीची. उसाचा. एकेक साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहत होता आणि एकेक फितूर निघत होता. सात बाटल्या तशा गेल्या. मग आठवी, २०३३ ची, लावली. पूर्ण झाडाचा. त्यामागच्या पाचही पूर्ण झाडाच्या.

म्हणजे यंत्र शुद्धीवर होते. सन २०३४ साली कोणीतरी त्यांच्या सहीखाली उसाचा रंग ओतला होता, आणि तेव्हापासून दरवर्षी ओतत आले होते.

"हे आत्ताच कोणाला सांगू नकोस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज स्थिर होता. "उद्या दहा वाजता मीच सांगेन. काय सांगायचं ते मला आधी कळू दे."

*

रसशाळेत देवमन कळंबे यंत्रे धूत होता. गेली तेरा वर्षे तो तिथला मुख्य कारागीर. एरवी बाईंना पाहून तो "या बाई, बसा बाई" म्हणत खुर्ची पुसायला धावे. आज त्यांचा चेहरा पाहून त्याने पाण्याचा नळ आधी बंद केला.

"देवमन, रसात रंग कुठून येतो?"

"झाडातून येते जी."

"माझ्याकडे पाहून सांग."

देवमनने पाहिले नाही. "मले इचारू नका बाई. मी हुकमाचा ताबेदार. तुमचंबी मीठ खाल्लं, धाकट्या बाईचंबी खाल्लं. कोनाकडून बोलू?"

"डबा कुठे आहे?"

मागच्या खोलीत, बुचांच्या पोत्यांआड, निळे पिंप होते. त्यावर 'जीवनसत्त्व' अशी चिठ्ठी होती, आणि ती चिठ्ठी नलिनीच्या अक्षरात होती. वळणदार, उभट अक्षर. ते नलिनीला बाईंनीच शिकवले होते. ती या घरात आली तेव्हा तिला फक्त सही येत होती.

बाईंनी झाकण उघडले. आतला रंग पाहून त्यांच्या काळजाला जे झाले, ते उसाचे नाव पडद्यावर वाचूनही झाले नव्हते. तो रंग सुंदर होता. अगदी त्यांच्या मनातला पपनशीचा रंग. गेली सात वर्षे त्या ज्याला "झाला" म्हणत आल्या, तो हा.

*

नलिनी माजघरात उद्याच्या पाहुण्यांसाठी सुपाऱ्या कातरत होती. बाईंनी चिठ्ठीचा तुकडा तिच्यासमोर ठेवला. नलिनीने तो वाचला नाही. कातरायची सुपारी पूर्ण कातरली, मग अडकित्ता मिटला.

"यंत्र आणू नका म्हटलं होतं मी," ती म्हणाली.

"एवढंच? सात वर्षांचं हे एवढंच उत्तर?"

"विचारा. जे विचाराल ते सांगते."

"कशासाठी केलंस? काय कमी होतं? कोणी शिकवलं? ढोल्यांच्या शेजारच्या कारखान्यातून रंग आणायचा, माझ्या सहीखाली भरायचा, आणि रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा प्यायचा! तुझ्या घशाखाली उतरत होता तो?"

"नव्हता उतरत. पहिलं वर्षभर नव्हता उतरत." नलिनीने पदराने हात पुसले. "चौतीस सालचं आठवा, बाई. तुम्ही दसऱ्याला नागपूरला डोळे करून आलात. मार्गशीर्षात पारखीला बसलात. पहिला पेला धरलात अन् खाली ठेवलात. दुसरा, तिसरा, सातही. म्हणालात, रंग उतरला, यंदा बाटली भरायची नाही."

बाईंना आठवले. आठ दिवसांनी पुन्हा पाहीन, असे त्या म्हणाल्या होत्या. आणि आठ दिवसांनी रंग चढला होता. तेव्हा त्यांनी गावाला सांगितले होते, धीर धरावा लागतो.

"आठ दिवसांत रंग चढत नसतो," नलिनी म्हणाली. "त्या मोसमात तर तो दिवसागणिक उतरतच जातो, हे तुम्हीच मला शिकवलं. तो रस तसाच होता, बाई. आदल्या वर्षी होता तसाच. मला तांबडा दिसत होता. देवमनला दिसत होता. दारात उभ्या साऱ्या गावाला दिसत होता. फक्त तुम्हाला एकटीला दिसत नव्हता."

"काय बोलतेस?"

"तुमचा डोळा बदलला होता."

अन्विताचा तो सहज विचारलेला प्रश्न बाईंना आत्ता ऐकू आला. माणसाच्या डोळ्यातले भिंग वयाबरोबर पिवळे पडत जाते, इतके सावकाश की पाहणाऱ्याला त्याची वार्ता नसते. वर्षानुवर्षे तो चहाच्या रंगाच्या काचेतून जग पाहत असतो आणि त्यालाच जग समजतो. मोतीबिंदू काढून स्वच्छ भिंग बसवले की अडलेला निळा उजेड एकदम आत लोटतो. आकाश उजळते, भिंती पांढऱ्या होतात, आणि ज्या तांबड्याला पिवळ्या भिंगाची ऊब मिळत होती तो गार, फिका पडतो. बहुतेकांचे मन काही महिन्यांत नव्या उजेडाशी जुळवून घेते. रत्नप्रभाबाईंनी आयुष्यात कशाशीच जुळवून घेतले नव्हते. डाळिंबी साडी विटली नव्हती. धोबी निर्दोष होता. कुंकू, विटा, सगळे जिथल्या तिथे होते.

"मग सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. स्वर त्यांच्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. "एका शब्दानं सांगायचं होतंस."

"कोण सांगणार?" आणि आता नलिनीच्या तोंडची, बाईंनी घासूनपुसून दिलेली भाषा गळून पडली; माहेरची वऱ्हाडी वर आली. "काहून नाही सांगतलं म्हनता? कोनाले सांगू देता तुमी? धोब्यानं सांगतलं, बाई साडी तशीच हाय, त्याले हाकललं. कुंकवाच्या दुकानात भांडून आल्या. एकशे तीस घरचं फळ झाडाले लटकलं होतं, अन् तुमी म्हनल्या नाही, म्हंजे नाही! तुमाले 'पुन्हा पाहा' म्हनू शकते असं एक मानूस गावात ठेवलं असंन तर नाव सांगा त्याचं."

बाईंनी चिठ्ठीचा तुकडा उचलून मुठीत धरला.

"देवमनले म्हटलं, थोडा घाल. तुमी पाह्यलं अन् हासल्या. किती दिवसानं हासल्या होत्या! मंग थे दरसाल करावं लागलं. तुमी भरलेली बाटलीबी उचलून पाहता, म्हनून पेल्यात घातला थेवढा बाटलीतबी घालावा लागला." नलिनीचा श्वास लागला होता. ती थांबली, आणि पुन्हा सावरून शुद्ध बोलू लागली. "सारं गाव ओळखून आहे, बाई. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. उद्या ते यंत्र परत पाठवा. बिघडलं म्हणा. रस घेणाऱ्या कंपन्या निघून गेल्या तर ही माणसं फळ कुठे नेतील?"

"सारं गाव," बाई म्हणाल्या.

आजवर त्यांना वाटत आले होते की त्या पाटावर बसतात तेव्हा गाव श्वास रोखून त्यांच्या शब्दाची वाट पाहते. गाव श्वास रोखत होते ते खरेच होते. आज म्हातारीचा खेळ नीट पार पडतो की नाही, या काळजीने.

"माझ्या डोळ्यांना रंग कळत नव्हता, तो दोष माझा," त्या सावकाश म्हणाल्या. "पण तू मला आंधळी ठेवलंस, नलिनी. माझ्या जागेवर माझं सोंग बसवलंस आणि सात वर्षे त्याची पूजा केलीस."

नलिनीने कातरलेली सुपारी डब्यात भरली. रडली नाही. या घरात रडण्याला उत्तर मिळत नाही हे तिला ठाऊक होते.

*

दुसऱ्या दिवशी दहा वाजता चादर अंथरली गेली. निळे पिंप सकाळीच देवमनने बाईंच्या देखत उकिरड्यावर रिकामे केले होते, म्हणून सातही पेले निव्वळ झाडाचे होते. दारात गाव जमले. घेणाऱ्या कंपन्यांची माणसे पुढच्या खुर्च्यांवर, त्यांच्या शेजारी वामनराव ढोले, पांढऱ्या टोपीत, हाताची घडी घालून.

बाई पाटावर बसल्या. पहिला पेला उचलून त्यांनी उजेडात धरला. धुवून काढलेल्या विटेचा रंग. दुसरा तसाच. त्यांच्या डोळ्यांना या सातांपैकी एकही "झाला" म्हणण्याजोगा नव्हता. त्यांनी पेला खाली ठेवला आणि गर्दीतून एक बारीक कुजबुज गेली. ती कसली आहे हे आज त्यांना समजत होते.

त्या उभ्या राहिल्या.

"गेली सात वर्षे कोळझरीच्या बाटलीतला निम्म्याहून अधिक रंग उसाचा होता. काल यंत्रानं दाखवलं. ही डॉक्टर मुलगी आकडे देईल. सही माझी होती. वामनराव, मी तुम्हाला दोन वर्षे खोटं म्हणत आले. तुमचा रस खरा आहे. मी तुमची क्षमा मागते." आणि त्यांनी हात जोडले. त्यांना हात जोडताना गावाने फक्त देवासमोर पाहिले होते.

वामनरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "बाई, मी तं वकील घेऊन आलो होतो. आता त्याले काय काम सांगू?"

कोणी हसले नाही. मागून एक आवाज आला, "पन रंग घातला कोनं?"

दाराच्या चौकटीशी नलिनी उभी होती. तिने मान वर केली. तिचे नाव येणार आणि ते ऐकायला ती उभी आहे, हे दिसत होते. देवमन भिंतीकडे पाहत होता. आणि बाईंच्या ध्यानात आले की गावातला एकही चेहरा नलिनीकडे वळलेला नाही. सगळे उत्तर ठाऊक असल्यासारखे जमिनीकडे पाहत आहेत.

"बाटलीवर सही कोणाची आहे?" बाई म्हणाल्या. "मग त्यापुढे प्रश्न नको." त्यांनी पहिला पेला उचलून गावाकडे धरला. "माझ्या डोळ्यांना हा रंग दिसत नाही. सात वर्षे दिसत नव्हता. तुम्हाला साऱ्यांना दिसत होता, आणि तुमच्यापैकी कोणाला मला तेवढं सांगावंसं वाटलं नाही. असो. पारख आता नलिनी करील."

"बाई, नको," नलिनी म्हणाली.

"बस."

एकोणपन्नास वर्षांत त्या शब्दाला नलिनीने नाही म्हटले नव्हते. ती पाटावर बसली. पेला उत्तरेच्या उजेडात धरला. मग ओठ हलले.

"ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या. "लोकांना ऐकू जाऊ दे."

"झाला," नलिनी म्हणाली.

सातही वेळा तिला मोठ्याने म्हणावे लागले. सर्वांत मोठ्या कंपनीचा माणूस तिसऱ्या पेल्यालाच फोन कानाला लावून बाहेर पडला होता. त्याच्यामागून आणखी दोघे गेले. त्यांच्या गाड्यांची धूळ बसेपर्यंत गाव जागचे हलले नाही. मग एका म्हाताऱ्याने चप्पल पायात सरकवत, बाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हटले, "सात साल झाकलं होतं, आठवं साल काय जड होतं?" बाईंनी ते ऐकले. गावातून त्यांच्याविरुद्ध उठलेला शब्द त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच ऐकू येत होता, आणि तो त्यांनी अडवला नाही.

वामनराव जाताना देवमनपाशी थांबले. "अर्धं फळ माह्या घाण्यावर पाठव. भावाचं मंग पाहू. बाईले सांगू नको आता."

"सांगनं पडते जी," देवमन म्हणाला. "आता सांगनं पडते."

त्याने लगेच येऊन सांगितले. बाईंनी मान डोलावली आणि नव्या पट्टीचा मजकूर त्याला तोंडी दिला. आपली सही काढायला लावली. 'हलवून प्या' हे शब्द परत घालायला लावले, पूर्वी होते त्याहून मोठ्या अक्षरात.

*

दुपारी त्या बैठकीत एकट्या बसल्या होत्या. पारखीतला एक पेला त्यांनी उचलून आणला होता आणि उत्तरेच्या खिडकीत ठेवला होता. त्याला कोणी हात लावायचा नाही, असे बजावले होते. गर हळूहळू खाली बसत होता. बाई ते पाहत होत्या. सात वर्षे वरचे पाणी तांबडे राहत होते; कारखान्यात बारीक घोटलेला रंग पाण्यात तरंगत राहतो, झाडाचा राहू शकत नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्यांनीच गावाला ते शिकवले होते. तरीही प्रश्न न विचारता त्यांनी त्याचा अभिमान बाळगला. नलिनीने त्यांना फसवले, पण त्यासाठी नलिनीला दाराचे कुलूप तोडावे लागले नव्हते.

चहा घेऊन नलिनी आली. एक किटली, दोन कप.

"चौतीस साली त्या सकाळी," बाई पेल्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "तुला एवढंच म्हणायचं होतं. बाई, पुन्हा पाहा."

"म्हटलं असतं तर तुम्ही पाहिलं असतं?"

बाईंनी खरेच विचार केला. खोटे सोडून द्यायला त्या शिकल्या नव्हत्या, स्वतःचे तर नाहीच.

"नाही," त्या म्हणाल्या. "तरी म्हणायला हवं होतंस."

नलिनीने किटली उचलली आणि सवयीने आधी बाईंचा कप भरायला वाकली. बाईंनी कपावर हात ठेवला.

"तू घे. आजपासून माझा चहा मी करून घेत जाईन."

नलिनीने किटली खाली ठेवली, स्वतःचा कप न भरताच ट्रे उचलला आणि ती आत गेली. आतून भांड्याचा आवाजही आला नाही.

खिडकीतल्या पेल्यात गर पुरता बसला होता. तळाशी दोन बोटे तांबडे, बाईंच्या डोळ्यांना फिके, पण तांबडे. आणि त्यावर स्वच्छ पिवळे पाणी. मग त्यांनी पेला उचलला, हलवला, आणि कडू रस एका दमात पिऊन टाकला.